मालिकेतला चेहरा आणि पॉडकास्टचा माइक

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याचे. मालिकेतल्या हवालदारामुळे लोक रस्त्यात थांबवून फोटो काढतात, इन्स्टाग्रामवर तीन लाखांवर फॉलोअर आहेत, जत्रा-गणपतीच्या सुपाऱ्या चालू आहेत. मालिका संपत आलीय आणि तुम्हाला पॉडकास्ट सुरू करायचाय. एका स्टुडिओनं सहा महिन्यांचं पॅकेज पुढे केलंय: सोफा, तीन कॅमेरे, एडिटिंग, रील्स, सगळं त्यांचं. मॅनेजर म्हणतात, पहिले पाच पाहुणे मुंबईचे मोठे आणा. घरचे म्हणतात, घरीच मोबाइलवर सुरू करा. ऐकायचं कुणाचं?

मी सांगलीची. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून सुरुवात केली, पुढे ध्वनिमुद्रणात रमले आणि आता विश्रामबागेतल्या छोट्या स्टुडिओत लोकांचे पॉडकास्ट उभे करून देते. त्यात नट आले, लावणी कलावंत आले, कीर्तनकार आले, कुस्तीचे निवेदकही आले. त्या अनुभवावरून सांगते, स्टुडिओ की घर हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसानं तुमचा पॉडकास्ट का ऐकावा? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही तोवर एक रुपयाही खर्चू नका.

नावाजलेल्या माणसाचा पहिला एपिसोड लोक कुतूहलानं लावतात. दुसरा थोडे लोक लावतात. तिसऱ्यापासून चेहऱ्याची पुण्याई संपते आणि ऐकणारा त्यातून त्याला काय मिळतं ते बघायला लागतो. रील बघणारा अर्धा मिनिट देतो, तेही अंगठा सरकवत. पॉडकास्ट ऐकणारा चाळीस-पन्नास मिनिटं देतो, आणि त्या वेळी त्याचे हात कामात असतात. कुणी गाडी चालवत असतं, कुणी गोठ्यात धार काढत असतं, कुणी एमआयडीसीत रात्रपाळीला मशीनवर उभं असतं. त्यामुळे तीन लाख फॉलोअर म्हणजे तीन लाख श्रोते असा हिशेब मॅनेजरनं मांडला असेल तर तो बाजूला ठेवा. शिवाय लोकांना आवडला तो हवालदार. त्याचे संवाद लेखकानं लिहिले, कुठे थांबायचं ते दिग्दर्शकानं सांगितलं, जमलं नाही ते एडिटरनं कापलं. पॉडकास्टमध्ये यांतलं कुणी सोबत नसतं. तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे आणि तुम्हाला कशाची खरी ओढ आहे, एवढ्यावरच सगळं उभं राहतं.

अमेरिकेतले कोनन ओब्रायन १९९३ पासून टीव्हीवर रात्रीच्या कार्यक्रमात मुलाखती घेत होते. २०१८ मध्ये पॉडकास्ट सुरू करताना एवढ्या मुरलेल्या माणसानंही नुसत्या गप्पांवर भागवलं नाही. इतकी वर्षं इतके नामांकित पाहुणे शेजारी बसून गेले, त्यांतला खरा मित्र कुणी झाला का, हा एकच धागा धरला आणि कार्यक्रमाच्या नावातही तोच घातला. २०२२ मध्ये त्यांची कंपनी सिरियस एक्सएम या अमेरिकी रेडिओ कंपनीनं विकत घेतली. दुसरे विनोदी कलाकार मार्क मॅरन. रेडिओवरचं काम गेल्यावर २००९ मध्ये त्यांनी पॉडकास्ट सुरू केला आणि पुढे घराच्या गॅरेजमध्ये बसून पाहुण्यांशी बोलू लागले. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावर असताना बराक ओबामा त्याच गॅरेजमध्ये येऊन बोलून गेले. सोफा आणि तीन कॅमेरे यांवर काय अवलंबून असतं, ते यावरून तुम्हीच ठरवा.

आता मुंबईचे पाच पाहुणे. मला हा सल्ला पटत नाही. ते पाहुणे याआधी अनेक पॉडकास्टवर बसलेले असतात. संघर्षाचे दिवस, पहिली भूमिका, आईचा किस्सा, सगळं सांगून झालेलं असतं. तुमच्याकडेही तेच सांगतील, आणि कुणी त्यांचं नाव टाकून शोधलं की आधी मोठ्या चॅनेलचा एपिसोड वर येणार, तुमचा खाली. पाचजण झाले की सहाव्यासाठी फोन करत बसायचं, तारखा सांभाळायच्या, गाडी-हॉटेल बघायचं. नव्या पॉडकास्टचा दम सहसा इथेच तुटतो.

तुमच्याकडे जे आहे ते मुंबईच्या कुणाकडे नाही. तुम्ही इतकी वर्षं गावोगावच्या जत्रांचे स्टेज बघितलेत. पुसेगावची सेवागिरी यात्रा, पालीचा खंडोबा, सांगली भागातल्या उरूस-जत्रा. स्टेजच्या मागची सगळी माणसं तुम्हाला नावानिशी ओळखतात: मंडपवाले, पाळणेवाले, हलगीवाले, तमाशा फडाचे मॅनेजर, कुस्ती मैदानाचे निवेदक, बैलगाडा शर्यतीचे समालोचक. यांतल्या समालोचकांकडे तर मी तुमचं खास लक्ष वेधते. शर्यतींवरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह उठवली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदाही कायम ठेवला. त्यानंतर ही माणसं पुन्हा माइकवर आली. मैदानात गाडी सुटल्यापासून निशाण पडेपर्यंत काही सेकंदांत बैलाचं नाव, मालकाचं गाव, जोडी कुणाची, हे सगळं एका श्वासात सांगणारा माणूस एरवी काय करतो, हे त्याला आजवर कुणी शांतपणे विचारलेलंच नाही. तुम्ही विचारलंत तर तो तुम्हाला सांगेल, कारण त्याच्या शेजारी त्याच स्टेजवर तुम्ही उभे राहिलेले आहात. 'जत्रा ज्यांच्या जिवावर उभी राहते ती माणसं' असं एक वाक्य धरलंत, तर पन्नास एपिसोडचा माल तुमच्या फोनबुकात आत्ताच आहे.

आणि ऐकणार कोण? फक्त सातारा-सांगली धरून हिशेब करू नका. आपली माणसं किती लांब पसरलीत बघा. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागातले गलाई व्यावसायिक तामिळनाडू-केरळपासून बंगालपर्यंत सोनं गाळतायत. दुकानात दिवसभर आजूबाजूला परकी भाषा, आणि कानाला मराठी हवी असते. जावळी-पाटणचे माथाडी कामगार नवी मुंबईत आहेत. सीमेवर आपल्या भागातले जवान आहेत, अपशिंगेसारख्या गावातून तर पिढ्यान्‌पिढ्या. आणि दर शनिवार-रविवारी पुणे-सातारा करणारे हजारो आहेत. या सगळ्यांना गावाची ओढ आहे आणि गाव प्रत्यक्ष कानावर पडायचं साधन फार थोडं आहे. मालिकेतल्या हवालदारापेक्षा हा पॉडकास्ट त्यांच्या जास्त जवळचा होऊ शकतो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्यासाठी आधी आवाज, मग चित्र. मराठीत बहुतेक लोक पॉडकास्ट यूट्यूबवरच लावतात हे खरं. २०२५ च्या फेब्रुवारीत यूट्यूबनंच सांगितलं की दरमहा शंभर कोटींहून जास्त लोक तिथे पॉडकास्ट बघतात-ऐकतात. त्यामुळे व्हिडिओ करा, पण एक कॅमेरा, फार तर दोन. फोन खिशात टाकून ऐकणाऱ्याला सगळं समजलं पाहिजे ही अट पाळा. पाहुण्यानं फोटो दाखवला तर फोटोत काय आहे ते तोंडानं सांगायचं, एवढी साधी सवयसुद्धा लावून घ्यावी लागते.

आवाजातून काय मिळतं त्याचं एक उदाहरण देते. वाळवा तालुक्यातले एक म्हातारे हलगीवादक एका नटाच्या पॉडकास्टवर पाहुणे म्हणून आले होते. दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला, आणि ते प्रत्येक प्रश्नाला 'होय साहेब', 'आपली कृपा' एवढंच बोलू लागले. आम्ही शूटिंग थांबवून मागच्या अंगणात गेलो. त्यांनी उसाचं पाचट पेटवलं, हलगी जाळावर धरून फिरवत राहिले आणि मधूनमधून एका बोटानं टिचकी मारून बघू लागले. सुरुवातीला आवाज भद्द. मग जरा कोरडा. मग एकदम टणक, कानात शिरणारा. 'चढली आता,' एवढंच म्हणाले. रेकॉर्डर मी शेजारी विटेवर ठेवला होता. मग न विचारता ते आपोआप बोलू लागले: पावसाळी हवेत कातडं कसं उतरतं, किती तापवलं की फाटतं, वडिलांनी हात धरून कसं शिकवलं, लग्नाच्या वरातीत वाजवून आल्यावर जेवायला कुठे बसवायचे. ते शेवटचं सांगताना त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. सूत्रधार नट शेजारी उकिडवा बसून होता, मध्ये एक शब्द बोलला नाही, आणि त्या दिवशी त्यानं केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. एपिसोडची सुरुवात आम्ही त्या टिचक्यांनीच केली. ना संगीत, ना स्वागत.

हे गप्प बसणं स्टेजच्या कलाकाराला अवघड जातं, म्हणून मुद्दाम सांगते. तुम्हाला शब्दफेक शिकवलीय ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. माइक मात्र तोंडापासून चार बोटांवर असतो. तिथे तीच फेक लावली की ऐकणाऱ्याला आपल्यावर कुणी ओरडतंय असं वाटतं. दुसरं, विनोद टाकल्यावर हशासाठी थांबायची तुमच्या अंगात सवय आहे. स्टुडिओत हशा येत नाही आणि ती जागा रिकामी पडते. रेकॉर्डिंगच्या वेळी समोर ओळखीचं एक माणूस बसवा आणि फक्त त्याच्याशी बोला, दोन्ही गोष्टी हळूहळू जागेवर येतात. तिसरं, पाहुणा बोलत असताना 'बरोबर', 'अगदी', 'वा वा' करत राहू नका. प्रत्यक्ष गप्पांत ती दाद असते, हेडफोनमध्ये ते प्रत्येक वाक्यात टोचतं. मान हलवा, पाहुण्याला तेवढं पुरतं. आणि भाषा तुमचीच राहू द्या. पाहुणा 'व्हय' म्हणाला की तुम्ही 'हो' म्हणून त्याला सावध करू नका.

सामानाकडे येते. दोन चांगले डायनॅमिक माइक (जवळचा आवाज तेवढा उचलणारे), स्टँड, दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि बंद कपांचे हेडफोन, सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास बसतं. कंडेन्सर माइक घेऊ नका. तो खोलीतलं सगळं उचलतो आणि आपल्याकडच्या खोल्या शांत नसतात. स्लॅबच्या घरात, गुळगुळीत फरशीवर एक टाळी वाजवून बघा. टाळीनंतर आवाज घुमत राहिला तर भिंतींना वाकळा-गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. जुन्या वाड्यातली मातीच्या भिंतींची, लाकडी माळवदाची खोली मिळाली तर सोन्याहून पिवळं. पंखा, फ्रिज बंद. घर रस्त्याकडेला असेल तर गळीत हंगामात दिवसा रेकॉर्डिंगचा नाद सोडा, उसाच्या ट्रॅक्टरवरचे कर्णे कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट निघत नाहीत. पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्यात तीच गत.

माइक तोंडासमोर सरळ धरू नका, किंचित बाजूला तिरका ठेवा. मराठीत भ, फ, ख, ठ यांची हवा जोरात सुटते आणि सरळ माइकवर तिचे धपके बसतात. प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा घ्या, म्हणजे एकजण खोकला तर दुसऱ्याचं वाक्य वाचतं. सगळे गप्प बसून अर्धा मिनिट नुसती खोलीही रेकॉर्ड करा, कापाकापी झाकायला ती लागते. शेजारी एक फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि त्याच रात्री फाइल दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. शेवटी आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा लागतो ते मोजायचं एकक) आसपास आणा. अ‍ॅपलनं हीच पातळी सांगितलीय, आणि बाकीकडेही ती चालते. एवढं केलंत की तुमचा आवाज गाडीत, फोनवर, ब्लूटूथ स्पीकरवर सारखाच नीट लागेल.

म्हणजे घरी की स्टुडिओत? वरचं सगळं जमत असेल तर घरी. खोली मिळत नसेल तर स्टुडिओ तासावर घ्या, पॅकेजवर घेऊ नका. आणि पॅकेजच घ्यायचं ठरलं, तर सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा आणि चार गोष्टी लिहून मागा. यूट्यूब चॅनेल, पॉडकास्ट होस्टिंगचं (एपिसोड जिथे ठेवून सगळ्या अ‍ॅपवर पाठवतात त्या सेवेचं) खातं आणि त्याला जोडलेला ईमेल तुमच्या नावावर असेल. कार्यक्रमाचं नाव आणि लोगो तुमचा असेल. कच्चं रेकॉर्डिंग दर महिन्याला तुमच्या ताब्यात मिळेल. वेगळं व्हायचं झालं तर जुने एपिसोड तुमच्याकडेच राहतील. स्टुडिओचे लोक भले असतील, तरी हे लिहूनच घ्या. आमच्याकडे आलेल्या एका लावणी कलावंत ताईंचं आधीचं चॅनेल दुसऱ्याच्या ईमेलवर होतं. भांडण झालं आणि दीड वर्षाची मेहनत एका पासवर्डमागे अडकली. त्या बाईंना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली, आणि ते बघताना मला फार वाईट वाटलं. नुसत्या यूट्यूबवर राहू नका हेही त्यातच आलं. गूगलनं स्वतःचं पॉडकास्ट अ‍ॅप २०२४ मध्ये बंद केलं. ज्यांचं फीड (अ‍ॅपना एपिसोड पुरवणारा दुवा) स्वतःच्या ताब्यात होतं ते बाकीच्या अ‍ॅपवर जसेच्या तसे चालू राहिले. नाव पक्कं झालं की ट्रेडमार्कचा अर्ज करून टाका, मनोरंजनाचा वर्ग ४१ आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक करार आहे, मालिकेचा. संपल्यानंतरही काही महिने दुसरीकडे दिसण्यावर बंधन असतं का ते बघा. आणि हवालदाराचं नाव, त्याचा ठरलेला संवाद, तो पोशाख पॉडकास्टच्या नावात किंवा पोस्टरवर वापरू नका. ते पात्र तुम्ही जिवंत केलंत, पण त्याचे हक्क बहुतेक निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे असतात. तुमच्या स्वतःच्या नावानं उभं राहायची ही संधी आहे, तिथे त्या पात्राची गरजही नाही.

गाण्यांविषयी आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलाय, की पंधरा सेकंद वाजवलं तर चालतं. असा कुठलाही नियम कॉपीराइट कायद्यात नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं हक्क राहतो. तुमच्या विषयात हे थेट लागू होतं. पठ्ठे बापूराव आपल्या रेठरे हरणाक्षचे. ते १९४५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या लावण्यांचे शब्द तुम्ही मोकळेपणानं म्हणू शकता. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू आहे. त्यातलं वाचायचं असेल तर परवानगी घ्या. आणि शब्द मोकळे असले तरी कुण्या गायिकेनं गायलेलं, कंपनीनं काढलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं, त्याचा हक्क वेगळा. याला सगळ्यात छान वाट म्हणजे पाहुण्याकडून किंवा ओळखीच्या वादकाकडून तुमच्यासाठी नवं वाजवून घ्या, त्याला मानधन द्या आणि कागदावर सही घ्या. सुरुवातीच्या धूनसाठी मिरजेच्या एखाद्या सतारवादकाकडून वीस सेकंद घेतलीत, तर तुमची ओळख कुणाशी मिसळणार नाही.

सही पाहुण्याचीही घ्या, एका पानाची, सोप्या मराठीत: रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरलं जाईल, त्यातून क्लिप काढल्या जातील, आणि प्रसिद्ध होण्याआधी अमुक दिवसांत नको असलेला भाग सांगता येईल. विशेषतः तमाशा-लावणीच्या बायका पाहुण्या म्हणून येतील तेव्हा ही सवलत मनापासून द्या. त्यांच्या दुःखाचा एक मिनिट कापून त्यावर लाल अक्षरांचा मथळा लावला की व्ह्यूज येतात, हे तुम्हाला मॅनेजर सांगतील. करू नका. त्या बाईला उद्या त्याच गावात सुपारीला उभं राहायचं असतं, तिची मुलं शाळेत जात असतात. तिच्याकडून कला ऐका. पायात चाळ किती वजनाचे असतात, एका रात्रीत किती वगांची तयारी ठेवावी लागते, ढोलकी आणि पायाची जुगलबंदी कोण आधी उचलतं, हे विचारा. बाकीचं तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. पैसे बुडवणाऱ्या निर्मात्याचं नाव पाहुणा बोलण्याच्या भरात घेईल तेव्हा थांबून विचार करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला तुमच्यावरही येऊ शकतो, कारण प्रसिद्ध तुम्ही करताय.

पुढाऱ्यांविषयी माझं मत पक्कं आहे. तुम्ही सुरुवात केल्याची बातमी फुटली की साताऱ्यातून दोन, सांगलीतून चार फोन येतील, 'साहेबांना घ्या एकदा.' पहिल्या हंगामात कुणालाच घेऊ नका. एकाला घेतलंत की तुम्ही त्याचे झालात, असं बाकीचे धरतात, आणि तुमचे पाहुणे सगळ्या गटांतले, सगळ्या गावांतले असणार आहेत. आधीच जाहीर करून टाका की हा पॉडकास्ट कलावंत आणि कारागिरांचा आहे, म्हणजे नाही म्हणताना कुणाचा मान दुखावत नाही.

पैशांबद्दल लांबण लावत नाही. पहिल्या वर्षी यातून घर चालेल असं धरू नका. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणं लागतं, आणि तो वाटा मराठीत फार मोठा नसतो. स्थानिक प्रायोजक जास्त कामाचे: पेढेवाले, साडीची दुकानं, तासगावचे बेदाणा व्यापारी. संपूर्ण हंगामासाठी एकच प्रायोजक घ्या आणि जाहिरात तुमच्या आवाजात, सुरुवातीलाच, 'ही जाहिरात आहे' असं सांगून करा. जाहिरात आहे हे उघड सांगा, असं जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेची २०२१ ची नियमावलीही सांगते. एक गोष्ट मात्र काही झालं तरी नको, पैसे लावायच्या रमी-जुगार अ‍ॅपची जाहिरात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं अशा जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवलीय. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तुमचा चेहरा बघून पैसे लावणारा पोरगा आपल्याच गावचा असतो.

वेळापत्रक तुमच्या धंद्याच्या चालीवर बसवा. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो, तमाशाचे फडही त्याच काळात फिरतीवर. म्हणून जून ते ऑगस्ट रेकॉर्डिंग करा. तेव्हा पाहुणेही घरी सापडतात आणि निवांत बोलतात. दहा-बारा एपिसोड हातात तयार असल्याशिवाय पहिला सोडू नका. सुरुवातीला तीन एकदम सोडा, म्हणजे ज्याला आवडलं त्याला लगेच पुढचं मिळतं, मग दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या वेळी. लांबी पाऊण तासाच्या आत. साताऱ्याहून पुण्याला निघालेल्या गाडीत खंबाटकीचा बोगदा यायच्या सुमारास एपिसोड संपला पाहिजे, असा अंदाज मी धरते. नाव देवनागरीत ठेवा, पण वर्णनात तेच नाव आणि पाहुण्याचं नाव रोमन अक्षरांतही लिहा, कारण आपले बहुतेक लोक मराठी शब्दसुद्धा इंग्रजी कीबोर्डवर शोधतात. सुरुवातीचं संगीत आणि स्वागत दहा सेकंदांत उरका. किती लोक टिकून आहेत ते दाखवणाऱ्या यूट्यूबच्या आलेखात पहिल्याच मिनिटात रेघ खाली घसरते ती बहुतेक वेळा लांबलेल्या स्वागतामुळेच.

आत्ता पावसाळ्याला अवकाश आहे, तेवढ्यात एक काम करून बघा. ओळखीच्या एका शर्यत समालोचकाला गाठा, फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करा, व्हिडिओ नको, तुमच्या मालिकेचा उल्लेख नको. अर्धा-पाऊण तास. काहीही न कापता ती फाइल दोन अशा माणसांना पाठवा जी तुमचे पाहुणे-रावळे किंवा मित्र नाहीत: एक कोपरखैरण्यातला माथाडी कामगार, एक कोईमतूरकडचा गलाईवाला. गावातून नंबर सहज मिळतील. आवडलं का ते विचारू नका, लोक तोंडावर 'छानच' म्हणतात. फक्त विचारा, कुठल्या मिनिटाला बंद केलं. दोघांचे ते आकडे आणि ती फाइल मला पाठवा, ऐकून सांगते.